सिलिंडरची चावी सिलिंडरलाच: रोजच्या धबडग्यात देव विसरू नये म्हणून

वॉर्डात ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी ड्रॉवरमध्ये ठेवत नाहीत. बँडेजच्या पट्टीने ती सिलिंडरच्या गळ्यातच बांधून टाकतात. पेशंटला धाप लागते ती रात्री तीनला, त्या वेळी नव्या सिस्टरचे हातपाय कापत असतात, डोकं चालत नाही. तिने चावी आठवत बसावं असं कुठल्याच मेट्रनला वाटत नाही. हात सिलिंडरला लागला की चावी हाताला लागली पाहिजे.

मी शिकले मिरजेला, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात, आणि पुढची सगळी नोकरी वॉर्डातच गेली. आता निवृत्त आहे. घरात सासूबाई, मुलगा-सून, नातवंडं. बाहेर स्त्रीमंडळाची कामं. रविवारी चर्चमधली उपासना सुटली की तरुण बायका गाठून विचारतात, "सिस्टर, प्रार्थनेला वेळच होत नाही हो. उठल्यापासून डबे, शाळा, ऑफिस. रात्री पाठ टेकली की झोप. देवाची आठवण होते ती थेट पुढच्या रविवारी." व्यासपीठावरून याला उत्तर मिळतं की विश्वास वाढवा. मी म्हणते, आहे तेवढा विश्वास पुरे, आधी चावी बांधा.

हे काही माझं डोकं नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो, या आज्ञा हाताला बांधा, कपाळावर बांधा, दाराच्या चौकटीवर लिहा. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी त्यांविषयी बोला. मोशेला आपली माणसं पक्की ठाऊक होती. तांबडा समुद्र दुभंगलेला ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांनीच तीन दिवसांत पाण्यावरून कुरकुर सुरू केली होती. त्यांची ही गत, तर सकाळी सातला स्कूल बस गाठणाऱ्या बाईला काय बोल लावायचा?

तर मी काय काय बांधून ठेवलंय ते सांगते. सगळंच्या सगळं उचलू नका.

आधी ठरवा, बांधायचं काय

"तुमच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?" असं विचारलं की लोक भराभर सांगतात: मुलांचं शिक्षण, आईबाबांची तब्येत, घराचा हप्ता. यातलं काहीच खोटं नाही. पण ही यादी परिस्थिती बदलली की बदलते. शास्त्र्याने येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारली तेव्हा त्याने दोन सांगितल्या: देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी. या दोन्ही आपल्या रोजच्या भाषेत एका ओळीत लिहून काढा. माझी ओळ अशी आहे: देव इथे आहे, आणि समोरचं माणूस त्याचं आहे. वॉर्डात तेवढीच पुरायची. तुमची वेगळी असू द्या, पण भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणता आली पाहिजे.

इथे कुणीतरी मार्थेचं नाव काढतंच. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था: प्रभू येशू घरी आलेला, ती स्वयंपाकात गुंतलेली, बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकतेय, आणि मार्थेची तक्रार. त्यावर प्रभू म्हणाला, मरीयेने चांगला वाटा निवडला आहे. त्या उताऱ्यावर प्रवचन झालं की घरी परतणाऱ्या बायकांचे चेहरे बघा. आपण स्वयंपाक करतो हाच जणू गुन्हा! या बायकांना मी योहानाचा बारावा अध्याय उघडून दाखवते. तिथे त्यांचं गाव बेथानी, पुन्हा जेवण, आणि मार्था वाढतेच आहे. या वेळी प्रभू तिला काही म्हणत नाही. मधे अकराव्या अध्यायात भाऊ वारलेला असताना हीच मार्था वेशीबाहेर येऊन त्याला म्हणाली होती, "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस." तेव्हा पोळ्या लाटणं आड येत नव्हतं. पहिल्या वेळी ती ज्याच्यासाठी राबत होती तोच तिच्या नजरेतून सुटला होता. म्हणून माझ्या सगळ्या युक्त्या कामाच्या आतच बसवलेल्या आहेत. काम बाजूला ठेवून देवाकडे जायची सवड ज्यांना आहे त्यांनी खुशाल जावं.

मूठभर तांदूळ

माझ्याबरोबर ड्यूटीला एक मिझो सिस्टर असायची. हॉस्टेलवर आम्ही कधी कधी चोरून भात शिजवायचो. तांदूळ धुण्याआधी ती त्यातली एक मूठ काढून पिशवीत टाकायची. घाई असो, भूक असो, ती मूठ आधी निघायची. मिझोराममधल्या मंडळ्यांमध्ये (एका चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो) ही रीत १९१० सालापासून चालत आली आहे, तिकडे तिला बुहफाइ थाम म्हणतात. प्रत्येक घरात भात टाकताना एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला ठेवतात, बायका ते तांदूळ गोळा करतात आणि त्यांच्या विक्रीतून सुवार्तेची कामं चालतात. गरीब घरालाही जमतं, कारण पैसा लागत नाही.

मी ही रीत घरी आणली ती दानासाठी कमी आणि आठवणीसाठी जास्त. भात रोज टाकावाच लागतो, म्हणजे आठवणही रोज होते. करायचं असं. एक रिकामा डबा घ्या, माझा जुना बोर्नव्हिटाचा आहे. तो कुकरच्या शेजारी ओट्यावर ठेवा. कपाटात ठेवलात तर आठवडाभरात विसराल, हे लिहून घ्या. मापाने तांदूळ काढून घेतले की त्या मापातलीच मूठ डब्यात टाका. आधी मूठ टाकून नंतर माप भरून घेऊ नका. आपल्या ताटातलं थोडं कमी झालं पाहिजे, सगळी गंमत त्यातच आहे. मूठ टाकताना आपली ती ओळ म्हणायची, किंवा घरात कोण आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे त्याचं नाव घ्यायचं. इतका वेळ नळाला पाणी येईपर्यंतही जातो. मग धुवा, शिट्ट्या करा.

पावसाळ्यात डब्यात टोके होतात. कडुलिंबाचा वाळका पाला टाकून ठेवा, आणि डबा महिन्याच्या महिन्याला रिकामा करा. आमच्या मंडळीत तांदूळ गोळा करायची पद्धत नाही, म्हणून तो कुठे जायचा हे मी ठरवते: ज्या घरी कमावतं माणूस अंथरुणावर आहे त्या घरी. न्यायला मी स्वतः जाते, त्यामुळे गेल्यावर चार शब्द होतात, प्रार्थना होते. ज्यांच्याकडे भात रोज होत नाही त्यांनी ज्वारीच्या पिठाची मूठ काढावी. चपातीवाल्यांनी कणकेची.

नातू चार-पाच वर्षांचा असताना त्याने विचारलं, "आजी, हा तांदूळ कुणाचा?" मला हेच हवं होतं. यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले, ते का? तर उद्या मुलं विचारतील की हे धोंडे कसले, आणि मग सांगायला निमित्त मिळेल. मुलांना बसवून शिकवायला गेलं की ती पळतात. त्यांना विचारावंसं वाटेल असं काहीतरी घरात उघड्यावर ठेवा. प्रभूनेही भाकर मोडून "माझ्या स्मरणार्थ हे करा" म्हटलं. शिष्यांच्या स्मरणशक्तीवर त्याने काही सोडलं नाही.

प्रभूची प्रार्थना, एका वारी एक मागणी

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, आपण अर्ध्या मिनिटात म्हणतो आणि आमेन झाल्यावर काय म्हटलं ते आठवत नाही. तिच्या मागण्या मोजल्या तर सात भरतात. शेवटच्या दोन एकच धरून सहा मोजणारेही आहेत, पण आठवड्याचे वार सात, म्हणून मी सात धरते. रविवारी तुझे नाव पवित्र मानले जावो, सोमवारी तुझे राज्य येवो, मंगळवारी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, बुधवारी रोजची भाकर, गुरुवारी ऋणे, शुक्रवारी परीक्षेत आणू नकोस, शनिवारी वाइटापासून सोडव. सकाळी पूर्ण प्रार्थना म्हणायची आणि त्या वाराची मागणी दिवसभर तोंडात ठेवायची.

बुधवार सोपा. किराणा भरताना, सिलिंडर बुक करताना, डबा भरताना रोजची भाकर समोरच असते. सोमवार कामावर परतणाऱ्यांना चांगला, साहेबाच्या राज्यात दुसऱ्याचंही राज्य आहे हे लक्षात राहतं. अवघड जातो तो गुरुवार. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे" हे म्हणताना एखादी जाऊ, एखादा भाऊ, वाटणीचा जुना कागद हटकून आठवतो. त्या दिवशी सगळं मिटवा असं मी सांगत नाही. गुरुवारी फक्त त्या माणसाविषयी वाईट बोलायचं नाही, घरातही नाही. एवढंच करून बघा. दुपारच्या चहापर्यंत तग धरला तरी खूप.

कालनिर्णयावर नावं

मराठी घराचा खरा दफ्तरखाना म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दूध कधी घेतलं नाही, गॅस कधी लावला, मोलकरणीचे खाडे, सगळं तिथेच. तर माणसंही तिथेच लिहा. महिन्यातल्या सात-आठ चौकोनांत पेन्सिलीने एकेक नाव. त्या तारखेला त्या माणसाला फोन करायचा किंवा भेटायचं, काम नसताना.

नावं निवडताना एक पथ्य पाळा. ज्यांच्याकडे आपलं काही अडलेलं आहे त्यांची नावं लिहू नका, त्यांची आठवण आपोआप येते. कुणी आठवण काढत नाही अशांची लिहा: विधवा आत्या, आमच्या वॉर्डातली थकलेली आया, बदली होऊन एकटा राहणारा भाचा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी राजा ज्या भुकेल्या, आजारी, परक्या माणसांविषयी विचारतो ती हीच माणसं आहेत. फोनवर उपदेश करायचा नाही. जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढं पुरतं. म्हातारी माणसं फोन ठेवत नाहीत अशी तक्रार असते. मग फोन कानाला लावून लसूण सोलत बसा.

मोबाईल आणि वचनांचा पूर

सकाळी व्हॉट्सअॅप उघडलं की फुलांवर लिहिलेली वचनं ढिगाने येऊन पडलेली असतात. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण वचन पुढे ढकलणं म्हणजे वचन मनात ठेवणं नव्हे. त्यांतलं एकच निवडा, कागदावर हाताने लिहा, आरशाला चिकटवा, बाकीची पुसून टाका. आणि डोळे उघडल्यावर पहिला हात मोबाईलला जाऊ नये म्हणून तो रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजराची सबब सांगू नका, गजराचं घड्याळ बाजारात अजून मिळतं.

मंडळीची कामंही धबडगाच असतात

हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. आपल्याला देवाचा विसर पाडणाऱ्या गोष्टी सगळ्या जगातूनच येतात असं नाही, चर्चच्या आवारातूनही भरपूर येतात. वर्धापनदिन, प्रेमभोजन, गायन स्पर्धा, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा. एका मंडळीत मी पाहिलंय, साड्यांचा रंग ठरवायला दीड तास गेला आणि शेवटी "वेळ कमी आहे, थोडक्यात प्रार्थना करू या" झालं. त्या बायका वाईट नव्हत्या. सभेचा क्रमच तसा होता, महत्त्वाचं शेवटी ठेवलेलं, आणि शेवटी सगळ्यांना बस गाठायची असते.

तुम्ही मंडळात असाल तर क्रम उलटा करा. प्रार्थना झाली की पहिला विषय: मंडळीत या महिन्यात कोण आजारी, कुणाकडे दुःख झालं, कुणाची नोकरी गेली, आणि त्यांच्याकडे कोण कधी जाणार. नावासमोर नाव लिहून घ्या. मग हिशोब, मग साड्या. वेळ संपलाच तर साड्यांचा संपू द्या. चार सभांमध्ये फरक दिसतो, कुरकुरही होते.

दशांशाचंही, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचंही, तसंच. पगार किंवा पेन्शन जमा झाली की आधी पाकीट भरायचं. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, हे मी सांगायला नको.

रात्री ओव्हर द्यायची

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही. ड्यूटी संपताना आम्ही पुढच्या सिस्टरला ओव्हर देतो. दोघी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहतात, हातात चार्ट. "बेड चार, हर्नियाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. ताप नाही. ड्रेसिंग उद्या. सलाईन दहाला संपेल, पुढची लावायची नाही. रात्री उठायला बघतो, लक्ष ठेव." पुढचा बेड. पेशंटची सगळी कर्मकहाणी कुणी सांगत नाही. काय झालं, काय बाकी, लक्ष कशावर ठेवायचं, एवढंच. शेवटी रिपोर्ट बुकात सही.

झोपण्याआधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसा, आडवं होऊ नका, झोप लागते. घरातल्या एकेका माणसाची देवाला अशीच ओव्हर द्या. "सासूबाई पोटभर जेवल्या, तुझे उपकार. गुडघा सुजलाय. रात्री बाथरूमला उठतात, लक्ष ठेव. मुलगा, ऑफिसात काहीतरी चाललंय, बोलत नाही. तुला माहीत आहे. धाकटा, उद्या गणिताचा पेपर, घाबरलाय." मग स्वतःचा बेड: आज काय चांगलं झालं, कुठे चुकलं, उद्या काय राहिलंय. चुकलं ते नाव घेऊन सांगा, गोलमोल नको. आमेन म्हणजे सही.

वसईच्या आमच्या कॅथलिक मैत्रिणी दिवसाचं परीक्षण करतात. संत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात ते पाच पायऱ्या घालून शिकवलं, आणि त्याची पहिली पायरी उपकार मानण्याची आहे. माझी ओव्हरही उपकारापासून सुरू होते. नाहीतर रात्रीची प्रार्थना म्हणजे नुसता तक्रार अर्ज होतो.

वॉर्डातला आणखी एक नियम इथे कामाला येतो. ओव्हर दिली की घरी जायचं. दिलेल्या बेडभोवती घुटमळणारी सिस्टर पुढच्या सिस्टरला काम करू देत नाही. स्तोत्र १२१ मध्ये म्हटलंय की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. म्हणजे नाइट ड्यूटी त्याची. रात्री दोनला जाग आली आणि तेच विचार घोळू लागले तर "ओव्हर दिली आहे" म्हणा आणि कूस बदला. मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, जेवण जात नसेल तर प्रार्थनाही करा आणि डॉक्टरही गाठा. एक केलं म्हणून दुसरं टाळायचं नाही, हे मी सिस्टर म्हणून सांगतेय.

घरचे साथ देत नाहीत

हा प्रश्न हमखास येतो. नवऱ्याला आवड नाही, मुलं हसतात, कुटुंबउपासनेला कुणी बसत नाही. माझं म्हणणं, बसवू नका. वर सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं एकटीला करता येतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तान्हं बाळ असलेल्या आईने किंवा घरात आजारी माणूस असलेल्यांनी फक्त तांदळाची मूठ धरावी, बाकी सगळं सोडून द्यावं. ज्यांना रात्रपाळी आहे त्यांनी ओव्हर सकाळी घरी आल्यावर द्यावी, देवाच्या वॉर्डाला तिन्ही शिफ्ट चालतात. खाडा झाला तर भरून काढू नका, दोन मुठी टाकायच्या नाहीत, आजचं आज.

आमच्याकडे मुलगा अजूनही रात्री माझ्याबरोबर बसत नाही. पण भात तो करतो तेव्हा मूठ काढतो का, हे मी विचारत नाही; डबा लवकर भरतो एवढं दिसतं. टोके मात्र या वर्षी फार झालेत, पाला बदलायला हवा.